चपलांची तोंडं

लातुरात कशाचीही बॅच निघते. ह्या रविवारी निघाली ती मोठ्या भूकंपात पडलेल्या एका गावाच्या जुन्या बाजारपेठेच्या सहलीची. बहीण पुनम नीटचा अभ्यास करून करून मुकी झालेली, म्हणून तिलाही नेलं. संध्याकाळच्या टेस्टआधी परत आणतो, असं आईला कबूल केलं होतं.

गाव कधीच नव्या जागी गेलेलं. पेठ म्हणजे बाभळींमधून जाणारा रस्ता. सहलीचे वाटाडे, त्याच गावचे शेषेरावमामा मोकळ्या जागा दाखवत चालले होते. "हे शिंप्याचं दुकान. हे पानाचं."

एका रिकाम्या चौथऱ्यापाशी ते थांबले. "हितं चपला काढा. घर हाय."

"मामा, वास्तुशांतीचं जेवण पण हाय का?" मी विचारलं. कुणी हसलं नाही.

मला मामांचाच संशय आला. आपण आत गेलो की ह्यांचा माणूस चपला पळवणार. म्हणून चौथऱ्यावरच्या गवतात मी चपलांकडे तोंड करून उभा राहिलो. मान एकदाच वळवली, पुनम खुदकन हसली तेव्हा. किती महिन्यांनी हसली.

परत बघतो, तर चपला रस्त्याकडे तोंड करून नीट लावलेल्या.

"कुणी फिरवल्या?"

"घरच्यांनी," मामा म्हणाले. "पाव्हणे निघाले की फिरवत्यात."

पुनमच्या तेवढ्या घराकडे तोंड करून होत्या.

"पुनम, चल. टेस्ट हाय."

ती गवतात मांडी घालून बसली होती.

"तू हो पुढं, दादा. चहा ठेवलाय त्यांनी," ती म्हणाली, आणि बशी धरायला दोन्ही हात पुढं केले.