काठावरची रेघ

रेघ केसाहून बारीक होती. नाण्याची कड जिथे तुटली होती, तिथून डावीकडे निघून ती जेमतेम अर्धा सेंटिमीटर जात होती. संग्रहालयातून आलेल्या तपासनीस मुलीने भिंग बाजूला केलं, खिडकीकडे वळून पुन्हा लावलं. रेघ होतीच.

सर आरामखुर्चीतून बघत होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी सगळे त्यांना सरच म्हणत. संग्रहालय त्यांची साडेतीनशे नाणी घेणार होतं, दालनाला त्यांचं नाव देणार होतं. मधोमध हे तांब्याचं नाणं राहणार होतं. याच्यावरच्या लेखानेच त्यांचं नाव झालं होतं. आज ते अस्सल ठरलं की झालं.

"पण जुन्या तांब्यावर चढतं ते हिरवट पुट याच्यावर काहीच नाही," मुलगी म्हणाली. "नुसतं तपकिरी आहे."

"पुट कुठे गेलं ते बाईसाहेबांना विचारा."

बाईसाहेब म्हणजे त्यांची बायको. ती चहाचा ट्रे घेऊन आली होती. मुलीने नाणं काठावर उभं धरलेलं पाहून ती दारातच थांबली.

"लग्नाला महिना झाला होता," सर सांगू लागले. "सतरा एप्रिल. मी नाणं ओट्यावर विसरलो आणि हिने भांड्यांबरोबर त्यालाही लिंबू-मीठ लावून लख्ख केलं. दीड हजार वर्षं, पाच मिनिटांत साफ. बरं, बाई रसायनशास्त्राची पदवीधर."

घरात आलेल्या प्रत्येकाने हा किस्सा ऐकला होता. लग्न ठरताना सर तिला म्हणाले होते, नाण्यांचा अभ्यास दोघं मिळून करू. धातू तू बघ, इतिहास मी बघतो. त्या सतरा तारखेनंतर नाण्यांच्या कपाटाची किल्ली तिच्या हाती कधी आली नाही. चाळीस वर्षं ती सरांच्या जुन्या वह्यांवरची धूळ तेवढी झटकत होती.

"सर, इथे काठावर एक रेघ आहे," मुलगी जपून म्हणाली. "ठसा ठोकून पाडलेल्या नाण्याला अशी रेघ नसते. साच्यात ओतलेल्या नकलेला असते."

"ती हिच्या घासणीची."

मुलगी घुटमळली. "घासण्याआधीची काही नोंद आहे? वजन, वर्णन, काहीही?"

"छे. त्या वह्या वाळवीने केव्हाच खाल्ल्या."

"नाही खाल्ल्या," बायको म्हणाली. "डांबराच्या गोळ्या घालून ठेवल्यात मी."

"राहू दे गं."

ती आत गेली. सरांनी पुन्हा "राहू दे" म्हटलं तेव्हा त्यांचा आवाज चढला होता.

त्या वर्षाची वही घेऊन ती बाहेर आली आणि तिने ती स्वतः उघडली, आयुष्यात पहिल्यांदा. सतरा एप्रिलच्या आधीची शेवटची नोंद तेरा तारखेची होती. सरांचं टपोरं अक्षर तिने वाण्याची यादी वाचावी तसं मोठ्याने वाचलं.

"काठावर साच्याची रेघ. नाणे ओतीव, बनावट. लेख छापून गेला आहे. आता हे कोणाला तपासता येऊ नये, अशी काही सोय करावी लागेल."

तेरा तारखेला हे लिहिलं होतं. कुलपात राहणारं नाणं चार दिवसांनी खरकट्या भांड्यांशेजारी आलं होतं.

मुलीने नाणं ट्रेशेजारी ठेवलं. चहावर साय धरली.

"जुनी गोष्ट आहे," सर अखेर म्हणाले. ते भिंतीकडे बघत होते. "अहवालात लिहा, घासल्यामुळे निश्चित सांगता येत नाही. इतकी वर्षं हिने ऐकून घेतलंच आहे. आताही हिची हरकत नसेल. काय गं?"

तिने वही मिटून मुलीच्या हातात दिली.

"बनावट लिही, बाळ. घासताना त्याच दिवशी मला ती रेघ दिसली होती. यांना कळलं तर खचतील, म्हणून मी गप्प राहिले."