रांगेतली शेवटची जोडी

नानाजींनी जोडी वळवली आणि रांगेच्या शेपटाकडे निघाले. गावची गुरं जमतात त्या आखरावर पोळा भरला होता. गावभरचे बैल शिंगांना हिंगूळ आणि बेगड लावून तोरणासमोर उभे होते, आणि नानाजींची धिप्पाड जोडी भलत्याच दिशेला चालली होती. लोक बघत होते. बघेनात का! कुणी मागे हटवण्याआधी आपणच मागे गेलेलं बरं.

तोरणाखालून पहिली जोडी जाते ती पाटलाची. बापजाद्यांपासूनचा मान तो. पण गेल्या पोळ्याला बबनराव पाटलांनी आपले बैल बाजूला घेतले आणि चारचौघांत नानाजींना पुढे केलं. का नाही करणार? नानाजींचा इंद्रभान तेव्हा नागपुरात मंत्री होता! मंगरूळपीरच्या शाळेत अनवाणी जाणारा पोरगा सरकारी मोटारीतून गावात उतरला होता. त्या दिवसापासून नानाजींचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. बाजारात कुणी कापसाचा भाव विचारला, तरी भाव सांगता सांगता ते इंद्रभानवर येत.

मग इंग्रजांनी इथल्या कुणाला न विचारता देशाला लढाईत ओढलं, आणि इंद्रभानने सोबतच्या मंत्र्यांसह राजीनामा दिला. मोटार गेली, बंगला गेला. पोरगा एक ट्रंक घेऊन घरी आला आणि दुसऱ्या दिवशी औत हाकू लागला. नानाजी त्याच्याशी बोलत, पण त्याच्याकडे बघत नसत. सोन्यासारखी खुर्ची! अशी कुणी सोडतं?

"पोरगं चोरी करून आलं काय, तुमी असे तोंड लपवून फिरून राह्यले?" मनकर्णाबाई आज सकाळीच नवऱ्यावर कडाडल्या होत्या. नानाजी बैलांची शिंगं रंगवत राहिले. पोराचा चारचौघांत पाणउतारा त्यांना बघवला नसता, म्हणून त्याला घरीच ठेवून ते एकटे निघाले होते.

रांगेचं टोक आलं. तिथे आधीच एक जोडी उभी होती. अंगावर भरजरी झुली, गळ्यात पितळी घुंगरं. कासरा धरून खुद्द बबनराव!

"पाटील, तुमी इथं काहून? समोर सारे तुमच्यासाठी थांबून राह्यले."

"पाटील कोनाले म्हनता? पाटीलकी सोडली म्या. राजीनामा सकाळीच मंगरुळाले तहसीलदाराकडं धाडला."

नानाजींचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. पिढ्यान्‌पिढ्यांची पाटीलकी! तिच्या वादात भाऊबंद एकमेकांची डोकी फोडत. त्यांनी कसंबसं विचारलं, "पन काहून?"

बबनरावांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "ज्या सरकारचं मंत्रीपद तुमच्या पोरानं सोडलं, त्याची पाटीलकी म्या कोन्या तोंडानं करू?"

नानाजींना भरून आलं. आपला पोरगा केवढा आहे हे त्यांना आज कळलं, तेही दुसऱ्याच्या तोंडून. त्यांनी डोळे पुसले, जोडी पाटलांच्याही मागे, अगदी शेवटी नेऊन उभी केली, आणि त्या दिवशी सबंध आखरावर त्यांच्याइतकी ताठ मान कुणाचीच नव्हती.