वाकळींचा वर्ग

गाव ऊसतोडीला गेलं की शाळा ओस पडते, म्हणून रोहिणीबाईंनी आईबापांसोबत गेलेल्या पोरांना मोबाइलवर धडे पाठवायला घरच्या कडब्याच्या खोलीतच स्टुडिओ थाटला. आवाज घुमू नये म्हणून पोरांच्या आयांनी जाताना सांभाळायला दिलेल्या जुन्या लुगड्यांच्या जाड वाकळी चारी भिंतींवर ठोकल्या. मोबाइलसमोर उभं राहून अपूर्णांक शिकवले आणि सवयीनं विचारलं, "समजलं का?"

रेकॉर्डिंग लावलं, तर त्या प्रश्नापुढं पोरांचा गलका होता. "हो, बाई!"

"आत्याबाई, बाहेर पोरं होती का?"

"कुठली पोरं? गावात हाय कोण आता?" सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी धडा पुन्हा घेतला. या खेपेला काहीच विचारलं नाही. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. फक्त त्यांचाच आवाज होता. हायसं वाटून त्यांनी मोबाइल बंद केला.

तेवढ्यात पाठीमागच्या वाकळीआडून कुणीतरी हळूच म्हणालं,

"बाई, मला न्हाई समजलं."