बाहीची शिवण

"अण्णा, दंड मोजा. पुन्हा बारीक झालाय."

दोनशे किलोचं वजन उचलून जिल्ह्यात पहिला आलेला माझा मुलगा भर मे महिन्यात जाड जर्किन घालून दुकानात उभा होता. त्यानं जर्किनची एक बाही काढली, मी टेप लावली. सतरा इंच, कालच्याइतकाच. "टेप सैल धरलीत," म्हणत तो त्या दिवशी तिसऱ्यांदा जिमला गेला.

मी शिंपी माणूस. समजूत घालायला जमत नाही, शिवायला जमतं. इस्त्रीच्या निमित्तानं त्याचा शर्ट मागून घ्यायचो आणि बाह्या दोन सूत आत घ्यायचो. शर्ट दंडाला घट्ट बसला, की त्याचा चेहरा खुलायचा. त्या दिवशी उकडलेली अंडी बाजूला सारून तो आईच्या हातची भाकरी खायचा.

काल तोच शर्ट उलटा करून तो माझ्यासमोर बसला. बाहीच्या आत जुन्या शिवणींच्या भोकांच्या चार ओळी दिसत होत्या. आता चिडणार, असं मला वाटलं.

त्यानं बाहीची नीट घडी घातली.

"म्हणजे अण्णा," तो हळू म्हणाला, "तुम्हालाही मी बारीकच दिसत होतो."