चाळीसच्या वरलं

वास आधी आला. सिंधुबाई चुलीपाशी डिंकाची पेज ढवळत होती. तिला वाटलं, शेजारी कुणी कचरा पेटवलाय. मग वास आपल्याच घरातून, बाळंतिणीच्या खोलीतून येतोय हे कळलं आणि पळी हातातच घेऊन ती धावली.

निकिता मोरीत न्हात होती. बाजेवर तिची बारा दिवसांची लेक निजलेली, आणि पायथ्याच्या स्टुलावरचा टेबललॅम्प मान टाकून बाजेवर वाकलेला. त्याची प्लास्टिकची टोपी वितळून दुपट्यावर ठिबकत होती. शेवटचा काळा थेंब पोरीच्या पायापासून चार बोटांवर पडला होता.

सिंधुबाईनं पिन उपटली आणि नातीला उराशी धरलं. पाय चाचपले, बोटं मोजली, पुन्हा मोजली. पोर आपली ढाराढूर झोपलेली.

लॅम्प निकिताचाच, बारामतीला शिकताना घेतलेला. सकाळी ती बापाला म्हणालीही होती, "आण्णा, त्याच्यावर चाळीस वॅट लिवलंय. त्याच्या वरचा बल्ब लावू नका."

पण थंडीची नातीला ऊब हवी म्हणून महिपतीनं कोंबड्यांच्या शेडातला दोनशेचा बल्ब आणला होता. "चाळीस अभ्यासापुरतं गं. शेकाया चाळीसनं काय हुतंय? ह्या बल्बाखाली शंभर पिलं जगत्यात, एक नात न्हाय व्हय जगायची?"

शेडात त्या बल्बावर पत्र्याची टोपी असते, हे सिंधुबाईला ठाऊक होतं. तरी त्यानं बल्ब बसवला तेव्हा ती मुकाट्यानं स्टूल धरून उभी राहिली होती. आता तिला स्वतःचीच शिसारी आली.

निकिता ओल्या केसांनी धावत आली आणि तिनं लेकीला ओढूनच घेतलं. मागून महिपती आला. पोरीकडं त्यानं पाहिलंही नाही. हाताला टॉवेल गुंडाळून लॅम्पमधला बल्ब फिरवून काढला, कानाशी हलवून बघितला.

"शाबूत हाय," तो म्हणाला आणि चक्क हसला. "लॅम्पच हलका निघाला. आजकाल काय बी विकत्यात."

शेजारची म्हाळसा वास घेत दारात आली, तर तिलाही त्यानं हेच ऐकवलं. बल्ब पुसून शेडात लावून आला, हात धुतले आणि पाटावर बसून म्हणाला, "वाढ."

इतकी वर्षं ह्याच तोंडाला आपण घास वाढत आलो, हे सिंधुबाईच्या मनात आलं. तरी तिनं ताट वाढलं. भाकरी, शेपूची भाजी, आणि मीठ वाढायच्या जागी दुपट्यावरून नखानं खरवडून काढलेला तो काळा थेंब.

महिपतीनं तो बोटानं ढकलून पाहिला. "हे काय?"

"चाळीसच्या वरलं," ती म्हणाली. "खावा."