कोरी पिशवी
सिझेरियनला दिवसही उलटला नव्हता, तोच सिस्टर लघवीची नळी काढायला आली. "हल्ली लवकरच काढतो. लवकर उठाल, लवकर घरी जाल." घरी! बाळंतिणीनं पांघरूण घट्ट ओढून घेतलं. पहिल्या खेपेला घरात पाऊल टाकताच धुण्याचा ढीग पुढ्यात पडला होता, टाके उसवले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आम्ही नाही का उठलो?" नळी लावलेल्या सुनेला उठवायची मात्र त्यांची छाती होत नव्हती. सिस्टरनं नळी अलगद काढली. "परत घालता येईल?" बाळंतिणीनं हळूच विचारलं. सिस्टर हसायला गेली आणि थांबली. दारातून सासूबाई ओरडल्या, "निघाली का एकदाची? घरी कामं खोळंबलीत." सिस्टरनं लघवीची एक कोरी पिशवी खाटेला अडकवली, तिची नळी पांघरुणाखाली सरकवली. "एवढ्यात कुठली, आजी! उठवायचं नाही बाईंना." मग कानात कुजबुजली, "त्या जेवायला गेल्या की आपण दोघी चार पावलं चालू."