मागच्या चाकांची हवा

नसरापूरला आनंदरावांनी जुनी मर्सिडीज पंक्चरच्या दुकानापाशी थांबवली, तसा दुकानदार म्हादू नळी ओढत आला. “मागं किती हवा मारू, सायेब?” “तीस,” आनंदराव म्हणाले. “बाबा, छत्तीस लागेल. पानशेतपर्यंत घाट आहे,” शेजारी बसलेली लेक म्हणाली. “मागं भार आहे.” “मला शिकवू नकोस. डिकीतली तांदळाची पोती धरूनच सांगतोय.” “आणि आई?” “तिचं काय धरायचं?” मागच्या सीटवर शुभाताई लग्नाच्या वाढदिवसाची नवी साडी सावरून बसल्या होत्या. नवऱ्याच्या या लाडक्या गाडीत त्यांना आज पहिल्यांदाच जागा मिळाली होती. सीटचं मऊ चामडं तान्ह्या वासराच्या पाठीसारखं त्या कुरवाळत होत्या. तो हात थांबला. दार उघडून त्या उतरल्या, पदर खोचला. “म्हादूभाऊ, तीसच मारा,” त्या म्हणाल्या. “यांची पोती नीट पोचतील.” आणि भोरच्या एसटीला त्यांनी हात केला.